अनारसे तेहतीसच का?

प्रिय पिल्लू,

रविवारी सांगलीच्या आजीशी व्हिडिओ कॉल झाल्यावर तू विचारलंस, "बाबाला अनारसे तेहतीसच का? चाळीस दिले तर काय होतं? आणि तेहतिसात तर दोन-दोन तीन आहेत, मग आजीच 'तीन तिघाडा, काम बिघाडा' का म्हणते?" प्रश्न मला इतका आवडला की उत्तर सावकाश लिहूनच द्यावं असं वाटलं.

आपल्या घरात जे आकडे फिरतात, त्यांतले काही मोजून आलेले आहेत आणि काही मानलेले. बहुतेक वेळा दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांचा गुंता सोडवत बसणं हे माझं लहानपणापासूनचं वेड आहे.

तेहतिसापासून सुरुवात करू. जावयाला हे वाण अधिक महिन्यात देतात, आणि यंदा, २०२६ मध्ये, ज्येष्ठ अधिक आहे. याआधी २०२३ मध्ये श्रावण अधिक होता. अमावास्या ते अमावास्या म्हणजे चंद्राचा महिना, साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने केले की ३५४ दिवस होतात, आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे चंद्र दरवर्षी अकरा दिवस कमी भरतो. तुझ्या वर्गातल्या मैत्रिणीचा रमजान दरवर्षी थोडा अलीकडे येतो ना, तो ह्याच अकरा दिवसांमुळे, कारण त्यांच्या कालगणनेत महिना वाढवत नाहीत. आपणही वाढवला नसता तर दिवाळी कधी भर पावसात आली असती, कधी वैशाखाच्या उन्हात. म्हणून ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलतच नाही, म्हणजे संक्रांतच पडत नाही, तो महिना पंचांगवाले अधिक धरतात. असा महिना सरासरी किती दिवसांनी येतो त्याचा जुना हिशेब आहे: ३२ महिने, १६ दिवस, ४ घटका. म्हणजे तेहतिसावा महिना चालू असताना ही भरपाई होते.

आजी मात्र दुसरं सांगेल. आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, शिवाय इंद्र आणि प्रजापती, असे देव तेहतीस. त्यांच्या नावानं 'तीस-तीन' अनारशांचं वाण. जावई नारायणाच्या जागी, म्हणून ते बाबाला. एकीकडे आकाशाचा हिशेब, दुसरीकडे देवांची मोजदाद, आणि दोन्ही एकाच ताटात. मला विचारशील तर आकाशाचा हिशेब जास्त थक्क करतो, पण आजीची मोजदाद मी सोडणार नाही. वाण तिच्या वतीनं मीच देणार आहे.

चाळिसाचं म्हणशील, तर पीठ चाळिसांचंच करायचं असतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत पसरून थोडे दमट असतानाच दळायचे, गूळ घालून कुटायचं आणि पीठ डब्यात मुरत ठेवायचं. खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि अजिबात उलटायचा नाही. झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो, म्हणजे तुपात पसरून विरून जातो. पाच-सात तरी हसतातच. ते तुला.

त्याच कॉलवर आजी मामाच्या साडेसातीबद्दल बोलली. हा आकडाही सोडवून बघ. शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं. आपल्या राशीच्या मागची रास, आपली आणि पुढची, अशा तीन राशींचे मिळून साडेसात. इथवर सगळं मोजलेलं आहे. ज्यांनी ते मोजलं त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या रात्री जागून त्यांनी त्या मंद ताऱ्याचा माग काढला, आणि मला त्याचा खरोखर अभिमान वाटतो. पण "ही वर्षं त्रासाची" हा भाग मानलेला. बारांतल्या तीन राशी म्हणजे पाव. कुठल्याही दिवशी जगातली जवळजवळ पाव माणसं साडेसातीत असणार. सध्या शनी मीनेत आहे, म्हणून कुंभ, मीन आणि मेष. त्या सगळ्यांचं एकदमच बिघडलंय आणि उरलेल्यांचं सुरळीत चाललंय, असं मला तरी कधी दिसलं नाही. तरीही आजी दर शनिवारी मारुतीला तेल वाहते तेव्हा मी तिच्याशी वाद घालत नाही. ते तेल ती मामाच्या काळजीपोटी वाहते.

मूलांकाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. तुझ्या वर्गातली मुलं जन्मतारखेच्या आकड्यांची बेरीज करून स्वभाव सांगतात, मोठी माणसं नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर वाढवून घेतात. तुझा वाढदिवस आपण तारखेनं करतो आणि औक्षण तिथीनं. तारखेची बेरीज एक येते, तिथीची वेगळीच. मग तुझा स्वभाव कुठला धरायचा? आणि देवनागरीत नाव लिहिलं की ते वाढवलेलं अक्षर राहतं कुठे? अशा आकड्यावर कुणाचं लग्न किंवा नोकरी अडावी, हे मला पटत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. मराठी शाळेत तुम्ही मनाचे श्लोक म्हणता. पहिली ओळ टाळी देत म्हणून बघ: ग-णा-धी, श-जो-ई, श-सर्-वा, गु-णां-चा. लघु, गुरू, गुरू, म्हणजे एक आखूड अक्षर आणि दोन लांब. चार वेळा तेच. हे भुजंगप्रयात वृत्त, आणि सगळे २०५ श्लोक ह्याच चालीचे. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. आता सांग, पाच मात्रांची जागा लघू-गुरूंनी किती तऱ्हांनी भरता येईल? एक मात्रा असेल तर एकच तऱ्हा. दोन मात्रांना दोन: लघू-लघू किंवा एक गुरू. तीनला तीन, चारला पाच, पाचला आठ. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. कारण अगदी सोपं आहे: शेवटी लघू आला तर मागे एक मात्रा कमी, गुरू आला तर दोन कमी, दोन्हींच्या तऱ्हा मिळवल्या की झालं. छंदशास्त्रात विरहांकानं सातव्या शतकाच्या आसपास हे मांडलं, बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी पुन्हा सांगितलं. तुमच्या गणिताच्या पुस्तकात ज्याच्या नावानं हे आकडे शिकवतात, त्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा. कविता मोजता मोजता आपल्या माणसांना ते आधीच सापडले होते.

तेच आकडे मागच्या अंगणात पडलेत. पाइनच्या झाडाचं ते लाकडी, खवल्याखवल्यांचं फळ उचल, देठाकडची बाजू वर धर आणि खवल्यांचे वळसे मोज. एका दिशेनं बहुधा आठ भरतील, उलट दिशेनं तेरा. फळ लहान असेल तर पाच आणि आठ. मोजलेल्या वळशांवर खडूनं खूण कर, नाहीतर चुकतं. सूर्यफुलाच्या बियांत ३४ आणि ५५ सापडतात. झाडाला बेरीज येत नाही. नवा खवला आधीच्यांपासून जास्तीत जास्त मोकळ्या जागी फुटतो. लागोपाठच्या दोघांत साधारण १३७.५ अंशांचा कोन पडतो, आणि त्या कोनातून हे वळसे आपोआप तयार होतात. कवितेतलं कारण निराळं, झाडातलं निराळं. आकडे तेवढे सारखे. म्हणून "निसर्गाचा गुप्त संकेत" वगैरे कुणी सांगितलं तर त्याला मोहरीचं फूल दाखव. त्याला पाकळ्या चार, आणि चार ह्या ओळीत बसतच नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यातले सिकाडा, ते जमिनीतून निघून कर्कश ओरडणारे किडे, आठवतात ना? आपल्या इलिनॉयमध्ये त्या वर्षी १३ वर्षांनी येणारी आणि १७ वर्षांनी येणारी अशा दोन्ही टोळ्या निघाल्या. त्या दोघींची गाठ त्याआधी पडली होती १८०३ साली. तेरा गुणिले सतरा करून बघ.

राहिलं तीन तिघाडा. तिघं मिळून निघालं की काम फिसकटतं, ही नुसती म्हण आहे. त्यामागे मोजलेलं काही नाही. देवाला वाहायचा बेल तीन पानांचा, प्रदक्षिणा तीन, आणि तुझ्या तबल्यात तर तिनाशिवाय समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची मजाच नाही. तीनतालाची तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, धर: तिट, कत, गदि, गन, धा. ह्या पाच मात्रा. एक मात्रा थांब, पुन्हा पाच, पुन्हा एक थांब, पुन्हा पाच. एकूण सतरा. समेवरून उचललीस तर सोळा मात्रांचं आवर्तन पुरं होऊन तिसरा धा बरोब्बर पुढच्या समेवर पडतो. सर पहिल्या दोन धांना काही बोलत नाहीत आणि तिसऱ्याला मान हलवतात, ते ह्यासाठी.

आता तिहाई रूपक तालात बसव. मात्रा सात, त्यात पुढची सम धरून आठ. तुकडा किती मात्रांचा घ्यायचा, मध्ये किती थांबायचं, हे तूच काढ आणि शनिवारी क्लासला जाताना गाडीत हातावर ताल धरून मला म्हणून दाखव.

तुझी,
आई