पहिलाच मुक्काम: तंबू, केबिन, यर्ट की शेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं, सोबत गुडघेदुखीने त्रासलेल्या सासूबाई, तंबूत आजवर कुणीच झोपलेलं नाही, दोन रात्रींचा बेत आहे. कॅम्पग्राउंडवर (तंबूंसाठी आखून दिलेल्या जागेवर) तंबू, केबिन, यर्ट (लाकडी सांगाड्यावर उभा केलेला गोल, खोलीसारखा तंबू) की शेतावरची जागा हे ठरत नाही, कारण फोटोंत चारही झकास दिसतात.

आधी उत्तर देऊन टाकतो. कॅम्पग्राउंडमधलीच एखादी साधी केबिन घ्या आणि तिच्या शेजारी तंबू लावू देतात का, हे बुकिंगच्या आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी देतात. सासूबाई आणि एक मोठं माणूस आत, मुलं आणि दुसरं मोठं माणूस तंबूत. रात्री दोन वाजता धाकट्याने भोकाड पसरलं तर दार दहा पावलांवर आहे. यर्ट पुढच्या खेपेला. शेत त्यानंतर. आता कारणं.

फोटो सगळे दुपारचे नाहीतर सूर्यास्ताचे असतात. दिवस काय, कुठेही बरा जातो. माणसं वैतागतात ती रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात, आणि पुन्हा कॅम्पिंगचं नाव काढायचं नाही असं ठरवतात तेही तेव्हाच. म्हणून मी जागेचं वर्णन वाचताना दृश्य, तलाव, झोपाळे हे सगळं बाजूला ठेवतो आणि तिथली रात्र कशी जाईल एवढंच बघतो. थंडी कुठून येणार, ओल कुठून येणार, आवाज कसला असणार आणि संडास किती लांब.

कॅम्पग्राउंडपासून सुरू करू. आज जगात बहुतेक ठिकाणी जी रचना दिसते, म्हणजे एकेरी वळणदार रस्ता, त्याला फुटलेले गाडी लावायचे आखूड फाटे, प्रत्येक फाट्याशी ठरलेलं टेबल आणि ठरलेली चूल, तिचा मोठा वाटा अमेरिकेतल्या ई. पी. माइनेके यांच्याकडे जातो. गंमत म्हणजे हे गृहस्थ वास्तुविशारद नव्हते, झाडांच्या रोगांचे तज्ज्ञ होते. लोक मोटारी घेऊन वाटेल तिथे झाडाखाली घुसायचे, माती दबून घट्ट व्हायची, मुळांना हवा-पाणी मिळेना आणि झाडं वाळायला लागली. त्यावर त्यांनी १९३२ साली ही आखणी मांडली. तात्पर्य, ही रचना झाडांच्या सोयीने झालेली आहे, तुमच्या झोपेच्या नव्हे. तुमची सोय तुम्हालाच नकाशावर शोधावी लागते.

ती अशी. वळणाच्या आतल्या अंगाची जागा टाळा, तिथे पाठीमागेही शेजारी असतात. बाहेरच्या अंगाला मागे झाडी मिळते. रस्ता जिथे वळतो त्या कोपऱ्यावरची जागा दिवसा प्रशस्त वाटते, पण उशिरा येणाऱ्या प्रत्येक गाडीचे दिवे थेट तंबूवर पडतात. संडासाला लागून असलेली जागा तर सासूबाईंसाठी म्हणूनही घेऊ नका. तिथे रात्रभर दिवा असतो, दार आपटतं आणि लोक तुमच्या दोऱ्यांना अडखळत जवळची वाट काढतात. तिथून तीन-चार जागा सोडून पुढची बघा. आणि सखल भाग नको. रात्री थंड हवा जड होऊन उताराने खाली येते आणि ओढ्याकाठी, खोलगट मैदानात साचते. त्याच ठिकाणी दहिवरही जास्त पडतं. थोडं वर सरकलात तरी सकाळचा फरक हाताला कळतो.

तंबू लावायच्या आधी वर बघायची सवय मात्र मुलांनाही लावा. वाळलेली, अर्धवट तुटून अडकलेली फांदी डोक्यावर असेल तर जागा कितीही सुंदर असो, तिथे तंबू लावायचा नाही. वारा नसतानाही अशा फांद्या पडतात.

आता थंडी. नवे लोक जाड स्लीपिंग बॅग घेतात आणि खाली मुलांच्या पोहण्याच्या गादीसारखी हवेची गादी टाकतात. मग पहाटे पाठ गारठते. अंगाखाली दबलेला बॅगेचा भाग ऊब धरत नाही, आणि त्या जाड गादीतली हवा आतल्या आत फिरून अंगातली ऊब जमिनीला देत राहते. म्हणून पैसे आधी मॅटवर खर्च करा. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती ऊब किती अडवून धरते त्याचा आकडा, लिहिलेली असते. उन्हाळी रात्रीला दोनच्या आसपास चालते, पारा शून्याकडे जाणार असेल तर चार किंवा वर हवी. बॅगेवर साधारण तापमानाचे तीन आकडे असतात: कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते), लिमिट (जेमतेम निभावेल ते) आणि एक्स्ट्रीम. मोठ्या अक्षरात कोणताही छापलेला असो, तुम्ही कम्फर्टचाच बघा. एक्स्ट्रीम म्हणजे जीव कसाबसा तगेल अशी पातळी आहे, झोपेशी तिचा संबंध नाही. हवामानाचा अंदाज खालच्या गावाचा असेल तर दर हजार मीटर चढाला सरासरी साडेसहा अंश वजा करा. दोन हजार मीटर वर गेलात की तेरा अंशांचा फरक, आणि हा हिशेब न केल्यामुळे लोक उन्हाळ्यात कुडकुडतात.

ओल बाहेरून कमी आणि आतून जास्त येते, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ तंबूच्या गार कापडावर जमते आणि पहाटे कुणाचा हात लागला की थेंब तोंडावर. लोक म्हणतात तंबू गळतो. थंडी वाजते म्हणून खिडक्या, झडपा बंद केल्या की हे हमखास होतं. वरच्या झडपा उघड्याच ठेवा. बाहेरचं आवरण नायलॉनचं असेल तर ते भिजल्यावर सैल पडतं आणि आतल्या कापडाला चिकटतं, म्हणून पाऊस असेल तर झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणून घ्या. मेख जमिनीत तिरकी ठोकायची, डोकं तंबूच्या उलट दिशेला झुकलेलं. सरळ ठोकलेली मेख वाऱ्यात उपटून येते.

केबिनबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि तोच तिचा गुण. फक्त ‘केबिन’ या नावाखाली काय काय खपतं ते पाहा. एका टोकाला स्वयंपाकघर, न्हाणीघर असलेलं छोटं घर, दुसऱ्या टोकाला चार भिंती, दुमजली लाकडी पलंग आणि प्लॅस्टिकच्या खोळीतल्या गाद्या, बस्स. अशा साध्या केबिनमध्ये चादर-पांघरूण तुमचं, पाणी बाहेरच्या नळावर, आणि आत स्वयंपाकाला सहसा बंदी. प्लॅस्टिकच्या खोळीवर कूस बदलली की करकर वाजतं, तेव्हा जाडसर चादर न्याच. सासूबाईंना खालचाच पलंग मिळेल, पण त्याला शिडी किंवा आडवा दांडा कुठे आहे बघा. उठताना डोकं आपटतं. खाण्याचे पुडे उघडे ठेवले तर उंदीर येणार, हे गृहीत धरा.

यर्टवर माझं मत जरा वेगळं आहे. यर्ट थंडी-वाऱ्यात लोक समजतात त्यापेक्षा चांगला आणि उन्हाळ्याच्या दुपारी लोक समजतात त्यापेक्षा वाईट. मूळ रचना मध्य आशियातल्या भटक्या पशुपालकांची: घडी होणारी लाकडी जाळीची गोल भिंत, तिच्यावरून वर निघालेले वासे, आणि ते सगळे जिथे मिळतात ते माथ्याचं कडं. वर मेंढीच्या लोकरीचा नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड. मंगोलियाच्या गेर (यर्टचं तिथलं नाव) बांधण्याच्या परंपरागत कौशल्याची नोंद युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत केली, किर्गिझ आणि कझाख यर्टची २०१४ मध्ये. किर्गिझस्तानच्या झेंड्यावर सूर्याच्या मधोमध जी जाळी दिसते ती याच कड्याची. गोल भिंतीला वाऱ्यासमोर धरायला सपाट बाजूच नसते, म्हणून वादळी रात्री तंबू फडफडत असताना यर्टमध्ये शांत वाटतं.

भाड्याने मिळणारे यर्ट मात्र बहुधा नमद्याचे नसतात. वर जलरोधक कापड, मधे पातळ उष्णतारोधक थर, माथ्यावर पारदर्शक घुमट. वाशांचा रेटा भिंतीला बाहेर ढकलतो, तो जाळीच्या वरच्या कडेने फिरवलेली पोलादी तार पेलते. आत गेल्यावर मुलांना हे बोटाने दाखवा, सगळी इमारत त्या एका तारेच्या भरवशावर उभी आहे हे बघून नऊ वर्षांचं पोर अर्धा तास प्रश्न विचारेल. पण त्याच घुमटातून ऊन थेट आत येतं. घुमट उघडायची सोय आणि समोरासमोर खिडक्या नसतील तर दुपारी आत बसवत नाही. लाकडाची शेगडी असेल तर ती झटकन तापते, पण कापडी भिंती ऊब धरून ठेवत नाहीत, त्यामुळे कुणालातरी रात्री एक-दोनदा उठून लाकडं सारावी लागतात. शिवाय गोल खोली एकच. मुलांची झोपायची वेळ तीच सगळ्यांची, आणि कुणी घोरत असेल तर ते सगळ्यांच्या वाट्याला. तुमच्या पहिल्या खेपेला मी यर्ट नको म्हणालो ते यासाठी. दोघंच जाणार असाल तर बिनधास्त घ्या.

शेतावरची जागा मुलांना सर्वांत आवडेल आणि झोपेचं सर्वांत खोबरं तिथेच होईल. कोंबडा उजाडायची वाट पाहत नाही, अंधारातच सुरू होतो. धारांची वेळ पहाटेची, मग यंत्रं सुरू. विजेच्या कुंपणाचा सेकंदा-दीड सेकंदाने टक् असा आवाज येतो. दिवसा तो कुणाच्या कानावरही पडत नाही, पण रात्री एकदा ऐकू आला की मग तोच ऐकू येतो. तंबू कुंपणापासून लांब लावा, मुलांना ती तार आधी दाखवा. गायी तंबू बघायला येतात, दोऱ्या चाटतात, त्यांना अंग घासतात. गुरं मोकळी असलेल्या कुरणात तंबू लावायला सांगितलं तर मधे तात्पुरतं कुंपण आहे का विचारा. वासरू सोबत असलेल्या गाईच्या वाटेला मुळीच जायचं नाही, आणि कुत्रं बरोबर असेल तर अजिबातच नाही.

फाटकाचा नियम साधा आहे: उघडं दिसलं तर उघडं, लावलेलं दिसलं तर लावलेलं. आपण शहाणपणा करून उघडं फाटक लावलं की त्यापलीकडचं पाणी गुरांना बंद होऊ शकतं. आणि हात धुणं. वासरं, कोकरं, करडं दिसायला निरोगी असली तरी त्यांच्या शेणातून ई. कोलाय या जंतूचा घातक प्रकार पसरतो, तो लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर जातो. जनावरांना हात लावल्यावर साबण आणि वाहतं पाणी लागतं, सॅनिटायझरवर भागवू नका. धाकट्याचं अंगठा चोखणं अजून सुटलं नसेल तर विशेष लक्ष ठेवा. गवतातून फिरून आल्यावर गोचिडीसाठी गुडघ्यांमागे, काखेत, कानांमागे बघा.

शेतावर पोचायचं ते उजेडातच. तिथे जागांना नंबर नसतात, दिवे नसतात, आणि अंधारात गाडी कुणाच्या पेरणीवर घालाल याचा नेम नाही.

आगीबद्दल कुठेही गेलात तरी लागू पडणाऱ्या तीन गोष्टी. लाकूड घरून नेऊ नका, तिथेच घ्या. उत्तर अमेरिकेत ॲश झाडं पोखरणारा हिरवा भुंगा २००२ मध्ये सापडला, कोट्यवधी झाडं त्याने संपवली, आणि त्याच्या लांबलांब पसरण्यात लोकांनी गाड्यांतून नेलेल्या सरपणाचा मोठा हात होता. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, मग हाताची पालथी बाजू जवळ नेऊन बघा. धग लागली तर विझलेली नाही.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. शेगडी, कोळशाचं भांडं, गॅसची चूल, काहीही पेटतं किंवा नुकतं विझलेलं तंबूत घ्यायचं नाही. थंडी असो, पाऊस असो. राख धरलेले निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतल्या माणसाला कळतही नाही. यर्टमध्ये किंवा केबिनमध्ये लाकडाची शेगडी असेल तर या वायूचा अलार्म आहे का विचारा. छोटा बॅटरीवरचा स्वतःचा न्यावा हे उत्तम.

संडासाचं राहिलं. सासूबाईंसाठी हाच मुख्य मुद्दा आहे आणि त्या स्वतः बोलणार नाहीत. फोनवर विचारा: केबिनपासून किती पावलं, वाटेत पायऱ्या आहेत का, रात्री दिवा असतो का, बैठक कमोडची आहे का. दोन्ही मुलांना आणि त्यांना प्रत्येकी वेगळा हेडटॉर्च द्या. एकच टॉर्च सगळ्यांत असेल तर ती कुणाच्या तरी पांघरुणात हरवलेली असते. तंबूही जायच्या आधी घरी किंवा गच्चीत एकदा उभारून बघा, दोऱ्या-मेखा मोजून घ्या.

तारखा आणि जागा समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे ते कळवलंत तर मुलांसाठी कोणत्या कम्फर्ट आकड्याची बॅग घ्यावी ते नेमकं सांगता येईल.