सुईदोरा : वाकळेतला वॉर्ड

प्रश्न : ताई, मला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्मही आणला होता, पण लग्न ठरलं आणि ते राहिलं. आता पंचेचाळिशी उलटली. आईच्या नि सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतेय, तिच्यावर ते स्वप्न काढायचं मनात आहे. मधोमध पंख फुटलेली बाई, वर ढग, चांदण्या असं भरायला घेतलं; पण ते शुभेच्छापत्रासारखं दिसायला लागलंय. मुलगा विचारतो, हे पांघरायचं की भिंतीला लावायचं?
– एक वाचक, कराड

उत्तर : दिसणारच. पंख, ढग, चांदण्या कुणाच्याही स्वप्नाला चालतात. त्यात तुम्ही कुठे आहात? उसवा. टाके मागच्या बाजूनं कापा, म्हणजे लुगड्याला कात्री लागणार नाही.

न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय चित्रकार फेथ रिंगोल्ड यांची १९८८ची ‘टार बीच’ ही गोधडी गुगेनहाइम संग्रहालयात आहे. तिच्यातही मुलगी उडते. पण आधी दिसते ती हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली गच्ची : गादीवर पडलेली पोरं, पत्ते खेळणारी मोठी माणसं, खाण्याचं टेबल, दोरीवरचे कपडे. आणि ही मुलगी, कॅसी, उडते ती तिथल्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून. गोष्टीत तिच्या बापानं त्या पुलावर काम केलंय, पण वर्णामुळे कामगार संघटना त्याला आत घेत नाही. म्हणून पोरगी वरून उडत जाऊन पूल नि संघटनेची इमारत, दोन्ही आपलीशी करते. ही सगळी गोष्ट बाईंनी गोधडीवरच लिहिलीय. मधलं चित्र कॅनव्हासवर रंगवलेलं, कडेनं कापडाचे तुकडे. आई त्यांची कपडे शिवणारी. पहिली गोधडी मायलेकींनी मिळून १९८०मध्ये केली.

तुमचा पूल कोणता? मला तर पत्रातला तो फॉर्मच दिसतोय. त्याच्या रेघा, नावाची रिकामी जागा, फोटोचा चौकोन हे सगळं एका कोपऱ्यात धावदोऱ्यानं उतरवा. मग लुगड्यांचे तुकडे रांगेत लावा, वरून पाहिलेल्या वॉर्डासारखे. एक तुकडा, एक खाट. दोन-चार खाटांवर सरकारी दवाखान्यातलं लाल ब्लँकेट. नर्स हवीच असेल तर छातीवर उलटं लावलेलं घड्याळ पुरे. चेहरा भरायला जाऊ नका. शाळेत शिवण शिकवताना मी इतक्या तिरळ्या राधा पाहिल्यात की त्या नादाला न लागलेलं बरं.

मूळच्या ओसाकाच्या, आता बर्लिनला राहणाऱ्या कलाकार चिहारू शिओता तर चित्रच काढत नाहीत. त्यांच्या ‘ड्यूरिंग स्लीप’मध्ये खाटांवर बायका झोपलेल्या आणि भोवती काळ्या लोकरीचं दाट जाळं. २०१५च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांनी लोकांकडून मागवलेल्या हजारो किल्ल्या लाल दोऱ्यांना टांगल्या, खाली दोन होड्या. सगळा भार दोऱ्यावर. तुम्हीही एकच गडद दोरा फॉर्मपासून काढा नि खाटाखाटांमधून फिरवा. रंग फार नकोत.

आता कामाचं. जुनं लुगडं विरलेलं असतं, रिंगमध्ये ताणलं की फाटतं. खाली मऊ सुती अस्तर देऊन मगच भरा. सहा पदरी लडीतले दोन-तीनच पदर घ्या. लाल दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग उतरला तर तो बाद. वाकळ कडेकडून आत शिवत या. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मूळच्या आफ्रिकी सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच शिवतात, आणि चारी कोपऱ्यांना कापडी फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. तुमच्या कोपऱ्यांना काय लावायचं ते तुम्ही बघा. लुगड्याचे काठ उरले असतील तर ते वाया घालवू नका.

मुलाला सांगा, दोन्ही. भिंतीला लावताना खिळे-चिमटे नकोत, वजनानं कापड ओढलं जातं. मागून वरच्या कडेला चार बोटं रुंद नेफा शिवा नि त्यातून काठी घाला. थंडी पडली की काठी काढायची नि पांघरायची.