नव्या आशाताईला: थर्मामीटरआधी हात लाव

गृहभेटीत आधी बाळाचं पोट आणि तळपाय हाताच्या मागच्या बाजूने बघ. पोट उबदार, पाय गार म्हणजे बाळ गारठू लागलंय. मग थर्मामीटर काखेत; ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस ठीक. तान्हं बाळ आपल्यासारखं कुडकुडत नाही, म्हणून घरच्यांना पत्ताच लागत नाही. गार असेल तर टोपडं घालून उघड्या अंगाने आईच्या छातीशी लावायला सांग, वरून पांघरूण. आजी शेगडीचा हट्ट धरतील. त्यांच्याशी वाद नको, टोपडं त्यांनाच बांधायला लाव! उन्हाळ्यात उलटं: दुपट्यांत गुंडाळून अंग तापलेलं असेल, तर कपडे कमी करून थोड्या वेळाने पुन्हा मोज. तरीही आकडा जागेवर येत नसेल, पोटही गार असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर लगेच दवाखान्यात, वाटेतही छातीशीच.