२००६ ची पेट्रोल गाडी, सेल्फ लगेच लागतो, गाडी चालू होते आणि मिनिटभरात बंद पडते, काय पाहावं?

सेल्फ लगेच लागतो म्हणताय, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टरवर खर्च करू नका. गाडी चालू झाली की ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरा. तेवढ्यावर ती टिकली आणि पाय काढताच बंद पडली, तर आयडलिंगचा (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहण्याचा) घोळ आहे: थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या भागात, कार्बन साचलाय, आयडलिंगची हवा सांभाळणारा आयडल व्हॉल्व्ह अडकलाय किंवा इंजिनाला जोडलेला एखादा व्हॅक्यूम पाइप तडकून हवा ओढतोय. थ्रॉटल बॉडी साफ करणं त्यातलं सर्वांत स्वस्त काम, ते आधी करा.

ॲक्सिलरेटर दाबूनही आचके देत बंद पडत असेल तर पेट्रोल पुरत नाहीये. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, मागच्या सीटखाली कान द्या. दोनेक सेकंद पंपाची घूं ऐकू आली पाहिजे. ती आली तरी पंप निर्दोष ठरत नाही, मेकॅनिककडून फ्युएल प्रेशर मोजून घ्या. पेट्रोल फिल्टर शेवटचा कधी बदलला, तेही आठवा.

दोन सेकंदांतच बंद पडते आणि मीटरवर चावीचा दिवा लुकलुकतो? मग इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखली नाही तर इंजिन बंद करणारी चोरीविरोधी यंत्रणा. दुसरी चावी लावून बघा.

गरम झाल्यावरच बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा चालू होत असेल, तर माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर. मेकॅनिकच्या स्कॅनरवर दरवेळी बिघाडाचा कोड येतोच असं नाही.

निदान होईपर्यंत गाडी ठाण्याच्या घोडबंदर रोडसारख्या रहदारीच्या रस्त्यावर मात्र काढू नका. तिथल्या गायमुखच्या चढावर मागे ट्रेलर असताना इंजिन बंद पडलं, तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.