गप्पा जमत नाहीत, पण काम?

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. शाळेने आमच्याकडून प्रश्नावली भरून घेतली. ‘सामाजिक कौशल्ये कमी’ असा निष्कर्ष आला. याला नोकरी झेपेल का?

त्या कागदावरून मुलगा तुम्हाला कसा दिसतो एवढंच कळतं; नोकरीचा निकाल त्यात नाही. कामाच्या जागी लागतं ते वेगळंच : अडलं तर विचारणं, काम संपलं की सांगणं, चूक दाखवली तर ऐकून घेणं, मधल्या सुट्टीतून वेळेवर परतणं. गप्पा रंगवणं त्यानंतर बरंच खाली येतं. नजरेला नजर देणं तर मी मोजतच नाही.

किशोरवयीन आणि प्रौढांसाठी ‘टीटॅप’ नावाची चाचणी आहे (२००७ची आवृत्ती). तिच्यात प्रत्यक्ष निरीक्षण होतं, शिवाय घरून आणि शाळेतून किंवा कामाच्या जागेवरून वेगवेगळी माहिती घेतात. ‘जमतं’ आणि ‘जमत नाही’ यांच्यामध्ये ‘जमू लागलंय’ असाही शेरा असतो. अहवालात आधी तोच शोधा, शिकवायला सुरुवात तिथूनच करायची. आणि घरी जमणारं कामावर जमत नसेल, तर दोन्ही नोंदी खऱ्याच असतात.

प्रश्न : ‘साहेब रागावले तर काय करशील?’ विचारलं की मुलगी अचूक उत्तर देते. प्रशिक्षणात मात्र गप्प बसते. मुद्दाम करते का?

बहुधा नाही. माहीत असणं आणि ऐनवेळी करता येणं यांत गोंगाट, अनोळखी माणसं, उत्तर जुळवायला लागणारा वेळ असं बरंच काही आडवं येतं. प्रसंग तोच ठेवून एकच गोष्ट बदलून पाहा. शांत खोलीत बोलली, तर कमतरता खोलीत होती.

प्रश्न : मी नोकरी करते, स्वमग्न आहे. ‘सगळ्यांत छान मिसळते’ असा शेरा मिळतो. घरी आल्यावर बोलायचंही त्राण नसतं. हे कुठे मोजतात का?

बाहेरून पाहणाऱ्याला हे दिसणं कठीण. त्यासाठी ‘कॅट-क्यू’ ही २५ विधानांची स्वतः भरायची प्रश्नावली २०१९मध्ये आली. ती निदान करत नाही. स्वमग्नता लपवण्यासाठी किती आटापिटा चालतो ते दाखवते. पुढच्या मूल्यमापनात ‘कसं वागते’च्या शेजारी ‘त्याची किंमत काय’ हा रकाना मागून घ्या.

प्रश्न : मी टीमप्रमुख आहे. ‘जरा लवकर दे’ सांगूनही सहकारी वेळेत देत नाही. त्याला प्रशिक्षण द्यावं का?

आधी ‘गुरुवारी चारपर्यंत दे’ असं लिहून कळवा. मग पाहू.