दोन वाट्या डाळ कुणासाठी?

प्रिय मावशी,

गेली बावीस वर्षं आम्ही इंग्लंडात रेडिंगजवळ राहतो. मुलगा एकोणीसचा, फुटबॉलमध्ये गोलकीपर आहे. नवव्या वर्षापासून प्रीमियर लीगमधल्या एका क्लबच्या अकादमीत वाढला. शाळा सुटली की मी गाडीत डबा घेऊन उभी. तो मागच्या सीटवर पोळीभाजी खात कपडे बदलायचा. अशी आठ-नऊ वर्षं काढली. सतराव्या वर्षी त्याच्याशी करार झाला तेव्हा मंडळात पेढे वाटले.

आता क्लबने त्याला लोनवर दिलाय, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळायला. गेल्या वर्षी लीग टूमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगपासून चौथ्या पायरीवर पाठवला, तिथे वर्षभर बेंचवर बसला. यंदा त्याहून खाली, नॅशनल लीग नॉर्थमध्ये, म्हणजे सहाव्या पायरीवर. घरापासून चार तास लांब. टीममध्ये कुणी प्लंबर, कुणी शाळेत पी.टी.चा मास्तर. त्यांच्या नोकऱ्या सुटल्यावर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी प्रॅक्टिस. खेळायला मिळतं, पण कुठे! इंग्लंडच्या नावाजलेल्या खेळाडूंची नावं घेऊन ह्यांचं एकच पालुपद: "साका कधी लोनवर गेला? बेलिंगहॅम गेला?" दिवाळीच्या कार्यक्रमात एकाने विचारलं, "लोनवर? मग व्याज किती पडतं?" सगळे हसले. मला घरी येईपर्यंत रडू आवरलं नाही.

मुलगा काही बोलत नाही. मॅच कशी झाली विचारलं तर "ओके". गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊला फोन आला, मला वाटलं मन मोकळं करतोय, तर विचारतो काय, "आई, दोन वाट्या तुरीच्या डाळीला किती शिट्ट्या?" मी म्हटलं, बाहेरून मागव आणि झोप. अशी अवस्था आहे पोराची.

जानेवारीत मूळ क्लब त्याला परत बोलावू शकतो. एजंट म्हणतो, मुलाने स्वतः हट्ट धरला तर जमेल. मी त्याच्या मनात भरवू का? की हे सगळं सोड आणि युनिव्हर्सिटीत जा म्हणू?

– एक आई, रेडिंग

*

दोन वाट्या?

अगं, बाकीचं पत्र मी नंतर वाचलं. आधी तिथेच अडले. एका माणसाला मूठभर डाळ पुष्कळ होते. सहा फुटी गोलकीपर असला तर अर्धी वाटी धर. दोन वाट्यांच्या वरणात सात-आठ माणसं जेवून उठतात. मंडळाच्या पंगती वाढणाऱ्या बाईला हे मी सांगायला नको. आणि वार कुठला, तर गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी प्रॅक्टिस असते हे तूच वर लिहिलंयस. म्हणजे ज्याच्या 'अवस्थे'ने तुझी झोप उडाली आहे, तो मुलगा प्रॅक्टिस सुटल्यावर सात-आठ जणांना घेऊन घरी आला होता आणि त्यांना वरणभात खाऊ घालणार होता. त्यात तो प्लंबर असणार, आणि मास्तरही.

आणि तू म्हणालीस, बाहेरून मागव.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. तुझ्या पत्रात नवरा बोलतो, एजंट बोलतो, मंडळातला तो व्याजवाला बोलतो. मुलाच्या तोंडचं धड असं एकच वाक्य आहे, आणि तेच तू त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून जोडलंस. बरं, शिट्ट्या काही डाळ वाढली म्हणून वाढत नाहीत, पाणी वाढतं. हे त्याला माहीत नाही, याचा अर्थ एवढ्या जणांसाठी तो पहिल्यांदाच रांधत होता. घाबरलाही असेल थोडा. इंग्लंडात जन्मलेलं पोर, पण डाळ ग्रॅमने नाही, वाटीने मोजतंय. ती वाटी तू दिली होतीस की त्याने गुपचूप नेली, हे एकदा विचार.

मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेत वाढले. आमच्याकडे तालमीतालमीची फुटबॉलची टीम, आणि मॅच असली की अर्धी पेठ शाहू स्टेडियमवर. माझा धाकटा भाऊ एका तालमीचा गोलकीपर होता. रात्री जेवायला कधी एकटा आला नाही. मागे तीन-चार जण असायचेच, सगळे त्याच्याहून दांडगे, आणि सगळे डिफेंडर. आई भाकऱ्या थापताना कुरकुर करायची, "ह्यांना काय घरं नाहीत काय रं?" भाऊ म्हणायचा, "आये, उद्या हेच माझ्यापुढं उभे असत्यात." तेव्हा मला ते फुकट जेवण उपटायचं निमित्त वाटलं होतं. गोलकीपरचं काम काय ते कळायला मला पुढे फार वर्षं लागली.

ते काम नुसतं बॉल अडवायचं नसतं. कॉर्नर येतो, समोरचा आडदांड सेंटर फॉरवर्ड कोपर लावून उभा असतो, आणि अशा वेळी एकोणीस वर्षांच्या पोराने "कीपर!" म्हणून ओरडायचं असतं. ते ऐकून बत्तीस वर्षांच्या, दोन लेकरांच्या बापाने मुकाट बाजूला व्हायचं असतं. तो झाला नाही तर दोघं एकमेकांवर आदळतात आणि बॉल जाळ्यात. आता मला सांग, दिवसभर लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करून आलेला माणूस मोठ्या क्लबातून चार महिन्यांसाठी आलेल्या पोराचं का म्हणून ऐकेल? अकादमीत चूक झाली तर सोमवारी कोच लॅपटॉपवर दाखवतो. इथे चूक झाली तर जिंकल्यावर मिळणारे त्या प्लंबरचे चार पैसे बुडतात, आणि तो ते तोंडावर बोलून दाखवतो. हे शिकायला अकादमीत जागा नाही. म्हणून पाठवतात.

तुझ्या नवऱ्याच्या साका-बेलिंगहॅमवर फार वेळ घालवत नाही. एक विंगर, एक मिडफिल्डर. तशा पोराला शेवटची वीस मिनिटं मैदानात सोडून बघता येतं. गोलकीपरला शेवटची वीस मिनिटं कोण देतं? जागा एकच, आणि त्या जागेवर आधीच कुणीतरी ठाण मांडून बसलेला असतो. उदाहरण द्यायचंच तर त्यांनी गोलकीपरचं द्यावं.

डीन हेंडरसनचं देते. कंब्रियाच्या किनाऱ्यावरच्या व्हाइटहेवनचा मुलगा, चौदाव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीत गेला. 2016 मध्ये क्लबने त्याला पहिल्यांदा लोनवर पाठवला तो स्टॉकपोर्टला. स्टॉकपोर्ट तेव्हा कुठे खेळत होतं माहीत आहे? नॅशनल लीग नॉर्थमध्ये. आणि हेंडरसनचं वय एकोणीस. हो, तुझ्या मुलाची तीच लीग आणि तेच वय. तिथून ग्रिम्सबी, मग श्रूजबरी. श्रूजबरीबरोबर 2018 मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर लीग वनच्या प्लेऑफ फायनलला, म्हणजे वरच्या लीगमध्ये चढायच्या शेवटच्या मॅचला, उभा राहिला, पेनल्टी अडवली, आणि तरी मॅच हरले. पुढे शेफील्ड युनायटेडला लोनवर दोन हंगाम. पहिल्या हंगामात टीम वर चढली, प्रीमियर लीगमध्ये आली. दुसऱ्या हंगामात, सप्टेंबर 2019 मध्ये, लिव्हरपूलच्या वाइनाल्डमचा साधा फटका त्याच्या हातातून निसटून दोन पायांमधून गोलमध्ये गेला, आणि त्याच एका गोलने मॅच गेली. सगळ्या देशाने पाहिलं. पोरगा त्यानंतरही त्याच गोलमध्ये उभा राहिला.

आणि गंमत ऐक. ज्या मँचेस्टर युनायटेडने त्याला इतकी वर्षं गावोगाव फिरवलं, तिथे त्याची जागा कधी पक्की झालीच नाही. मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टलाही लोनवर जाऊन आला, आणि 2023 मध्ये क्रिस्टल पॅलेसला गेला. 17 मे 2025 ला एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या मोठ्या स्पर्धेची, फायनल होती, समोर मँचेस्टर सिटी. हेंडरसनने सिटीच्या मार्मूशची पेनल्टी अडवली, पॅलेसने 1-0 ने कप नेला, क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा कप. तू मात्र 'परत कधी बोलावतील' एवढंच धरून बसली आहेस.

इंग्लंडचा गोलकीपर जॉर्डन पिकफर्डही असाच लोनवर हिंडला: डार्लिंग्टन, आल्फ्रेटन, बर्टन, कार्लाइल, ब्रॅडफर्ड, प्रेस्टन. सहा गावं. जानेवारी 2012 मध्ये सतरा वर्षांचा असताना डार्लिंग्टनला गेला, तेव्हा त्या क्लबचं दिवाळं निघायची वेळ आली होती. 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाच्या कार्लोस बाकाची पेनल्टी डाव्या हाताने वर उडवली, तो हाच. त्या व्याजवाल्याला पुढच्या दिवाळीत सांग, लोन म्हणजे आपली उसनवारी, आणि उसनी नेलेली वाटी आमच्या घरात रिकामी परत येत नाही. नाही सांगितलंस तरी चालेल. असल्या माणसांना दुसरा लाडू वाढू नये, तेवढं पुरतं.

आता तू म्हणशील, मावशी, माझा मुलगा हेंडरसन थोडाच होणार आहे? नसेल होणार. बहुतेक पोरं होत नाहीत, आणि हे तुझ्या मुलाला तुझ्याहून चांगलं कळतं. नवव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात शेजारच्या खुंटीवरची पिशवी गेलेली त्याने पाहिली आहे. युनिव्हर्सिटी कुठे पळून जात नाही. सीझन संपल्यावर तो त्याचं बघेल. गेल्या वर्षी बेंचवर बसून होता तेव्हा तू हे पत्र लिहिलं असतंस तर मी वेगळं बोलले असते. यंदा तो दर शनिवारी गोलमध्ये उभा आहे, आणि गुरुवारी त्याच्या घरी पंगत बसते. जानेवारीत परत बोलावून त्याला करायला काय लावणार? मोठ्या क्लबात तिसरा नाहीतर चौथा कीपर म्हणून मॅचआधी दुसऱ्याचे हात गरम करून द्यायचे? आणि परत बोलावण्याचा हक्क क्लबचा आहे. तुझा नाही, तुझ्या नवऱ्याचा तर नाहीच.

"ओके"चं म्हणशील तर, तू विचारतेस तेव्हा तुझ्या आवाजात जानेवारी असतो. त्याला तो ऐकू येतो, म्हणून तो एका शब्दात दार लावून घेतो. शिट्ट्यांचं विचारताना मात्र दार सताड उघडं होतं.

तेव्हा एक कर. येत्या गुरुवारी सुट्टी टाक आणि गाडी काढ. मॅच बघायला जाऊ नकोस, गुरुवारीच जा. नवऱ्याला घरी ठेव. जाताना पाच लिटरचा कुकर ने, कारण त्याच्याकडे तूच बांधून दिलेला तीन लिटरचा असणार, आणि त्यात दोन वाट्यांच्या वर डाळ घातली की शिट्टीतून फेस यायला लागतो. लोणच्याची बरणी ने. त्या मुलांना जेवायला वाढ, पण रांधू दे त्यालाच. एजंट, क्लब, जानेवारी, हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. तो प्लंबर तिथे असेल तर त्याच्या शेजारी बस आणि विचार, आमचा पोरगा गोलमधून काय ओरडतो? तुझ्या मुलाच्या सीझनबद्दल त्याच्याहून खरं कुणी सांगणार नाही.

आणि मुलाचा प्रश्न अजून तसाच लोंबकळतोय, तर फोन करून सांग. डाळ अर्धा तास भिजवलेली असेल तर तीन शिट्ट्या. नसेल तर चार. पाणी डाळीच्या अडीचपट, वर चमचाभर तेल, आणि हळद-हिंग आधीच घालायचा.