वाचकांचे प्रश्न : जमिनीखालून वीजजोडणी

प्रश्न : फाटकाजवळच्या मीटरपासून आमचे घर ८० मीटर आत आहे. जमिनीखालून पाइप टाकून त्यातून घरातली साधी वायर ओढली तर चालेल का?

उत्तर : कृपया तसे करू नका. साध्या वायरचे आवरण ओलाव्यात टिकण्यासाठी बनवलेले नसते आणि पुढे कुणाची कुदळ पाइपावर बसली, तर तिला अडवणारे काहीच नसते. पोलादी तारांचे कवच असलेली आर्मर्ड केबल घ्यावी आणि ते कवच अर्थिंगला जोडून घ्यावे. चर साधारण ७५ सेंटिमीटर खोल असावा. तळाशी वाळूचा थर, त्यावर केबल, पुन्हा वाळू, मग विटा आणि त्याहून वर धोक्याची सूचना देणारी पट्टी, असा क्रम ठेवावा. गाड्यांच्या वाटेखाली मात्र केबल मजबूत पाइपातूनच न्यावी.

केबलची जाडी केवळ भारावरून ठरवू नये, कारण अंतर दुप्पट झाले की व्होल्टेजची घटही दुप्पट होते, आणि ८० मीटरवर ती घरात पाण्याचा पंप असेल तर त्याला जाणवू शकते; हा हिशेब परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावा. जमिनीत सांधा टाळून केबल अखंड घ्यावी. चर बुजवण्यापूर्वी इन्सुलेशनची चाचणी करून मार्गाची मापे नकाशावर नोंदवावीत.